अडीच इंचाचा पूर

नमस्कार मंडळी. आज पुरावर बोलायचं आहे, पण नदीतल्या पुरावर कमी आणि कागदावरच्या पुरावर जास्त. म्हंजे असं की आपलं घर सरकारी नकाशात पूरक्षेत्रात दाखवलेलं असेल तर ते तिथून बाहेर निघतं का, आणि निघत असेल तर कसं. मी काही वकील नाही. जमिनीची उंची मोजायच्या लेव्हल मशीनला डोळा लावून बसणारा माणूस, उन्हात स्टाफ, म्हंजे मापाची उंच पट्टी, धरलेल्या पोराला "सरळ धर बावा, सरळ धर" असं ओरडण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, तेव्हा जे सांगीन ते त्याच मापानं सांगीन.

सुरुवात भाचीपासून करतो. ती टेक्सासमध्ये राहते, ह्युस्टनच्या बाजूला. एका रविवारी सकाळी मी तर्री-पोहे खाऊन राहिलो होतो अन् तिचा फोन आला. म्हणे मामा, बँकेचं पत्र आलं, तुमचं घर फ्लड झोनमध्ये आहे, ४५ दिवसांत पुराचा विमा काढा, नाही काढला तर आम्हीच काढू आणि पैसे तुमच्याकडून घेऊ. घर घेऊन सहा वर्षं झाली होती, अंगणात कधी घोटाभर पाणी नाही, आणि आता हे. रडकुंडीला आली होती बिचारी.

तिकडचा हिशोब असा आहे. १९६८ पासून तिथं सरकारी पूरविमा आहे आणि १९७३ च्या कायद्यानं असं झालं की घर पूरक्षेत्रात असेल आणि कर्जामागे सरकारी हमी असेल किंवा कर्ज सरकारी नियमनाखालच्या बँकेचं असेल, तर विमा घ्यावाच लागतो. नकाशे काढते फेमा. आपल्याकडे फेमा म्हटलं की परदेशी चलनाचा कायदा आठवतो, ही ती फेमा नाही, ही आपत्ती निवारणाची संस्था. ती नकाशावर जो भाग रंगवते तिथं कोणत्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता १ टक्का किंवा जास्त असते. आता १ टक्का ऐकून माणूस म्हणतो, हॅ, एक टक्का म्हंजे काय! पण कर्ज ३० वर्षांचं असतं ना. तेवढ्या वर्षांत निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता काढली तर २६ टक्के निघते, म्हंजे चार घरांतल्या एका घराला कर्ज फिटायच्या आत पाणी पाहावं लागणार असं धरून चाला.

पण नकाशा असतो मोठ्या भागाचा. रेषा काढताना एखादा उंचवटा, एखादं उंचावरचं घर चुकून आत अडकतं, आणि हे फेमालाही मान्य आहे. म्हणून तिनं एक सोय ठेवली आहे, लोमा म्हणतात तिला, म्हंजे नकाशात दुरुस्तीचं पत्र. घरमालकानं स्वतः अर्ज करायचा. फेमा त्याची फी घेत नाही. खर्च होतो तो सर्व्हेअरचा, कारण लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडून किंवा इंजिनिअरकडून घराच्या लेव्हल घेऊन त्याच्या सहीशिक्क्याचा कागद जोडावा लागतो. सगळे कागद पोचले की साधारण ६० दिवसांत उत्तर येतं.

भाची म्हणे, मामा, सर्व्हेअरचा रिपोर्ट आला, आपली फरशी पुराच्या लेव्हलच्या वर आहे, झालं ना मग? मी म्हटलं, थांब बेटा, फरशीचं कोणी विचारलंच नाही.

इथं जरा नीट ऐका, कारण सगळा खेळ इथंच आहे. एक टक्क्याच्या पुराचं पाणी कुठवर चढेल याचा एक आकडा असतो, समजा तिचा होता ८४.० फूट. हा आकडा घराच्या फरशीशी जुळवत नाहीत. घराच्या भिंतीला चारी बाजूंनी जमीन जिथं जिथं टेकते त्यातली सगळ्यात खालची जागा शोधतात आणि तिची लेव्हल धरतात. फरशी होती ८५.६, पुढच्या दाराशी जमीन ८४.९, गॅरेजपाशी ८४.३. सगळं वर. आणि मागच्या बाजूला एक जागा निघाली ८३.८. फुटाचे दोन दशांश कमी, म्हंजे आपल्या मापात जेमतेम अडीच इंच! त्या अडीच इंचापायी सगळं घर पुरात.

मी म्हटलं त्या जागेचा फोटो पाठव. फोटो आला. मागच्या दारातून अंगणात उतरायला लाकडाचा डेक होता, आधीच्या मालकानं बांधलेला, दोन फळ्या कुजलेल्या, आणि त्याचा शेवटचा खांब अंगणाच्या उतारावर गेलेला. छपराचं पाणी ज्या नळीतून उतरतं तिचं तोंड नेमकं त्या खांबाच्या बुडाशी, मग तिथली माती वर्षानुवर्षं खरवडत गेलेली. आता डेक घराला जोडलेला असला की तो घराचाच भाग धरतात. म्हंजे घराच्या भिंतीचा सगळ्यात खालचा कोपरा वर, पण डेकचा खांब खाली, तर घर खाली. नियम तसा आहे.

तर जावई म्हणाले, त्यात काय, दोन घमेली माती टाकतो खांबाशी. हे मात्र चालत नाही हं. लोमा आहे ती निसर्गानं दिलेल्या उंचीसाठी. माती टाकून उंची वाढवली की तो भराव झाला, त्याचा अर्ज निराळा, त्याला फी लागते आणि तिथल्या गावच्या प्रशासनाची सहीही लागते की हा भराव आमच्या नियमात बसतो. आणि सर्व्हेअरनं आधीच ८३.८ लिहिलेलं, मग तुम्ही माती टाकून परत बोलावलं तर तो काय डोळे मिटून येईल?

मी फोनवरच म्हटलं, तो डेक काढून टाका. नाहीतरी कुजलाच आहे. जावयांना वाटलं मामा मजा करून राहिले. पण काढला त्यांनी, एका शनिवारी, खांबासकट, आणि दाराशी सुट्या दोन पायऱ्या ठेवल्या. सर्व्हेअर परत आला, आता सगळ्यात खालची जागा गॅरेजपाशी, ८४.३. अर्ज गेला, दीड महिन्यात पत्र आलं, घर पूरक्षेत्रातून काढण्यात आलं आहे. प्लॉट नाही बरं का, फक्त घर. मागचं अंगण अजून नकाशात पुरातच आहे.

आता मला सांगा, डेक काढल्यानं नदीचं पाणी एक इंच तरी खाली गेलं का? म्हणून मी तिला म्हटलं, पत्र बँकेला दे, बँक सक्ती सोडेल बहुतेक, तरी पत्र असूनही विमा मागायचा हक्क बँकेला असतो. आणि सक्ती सुटली तरी तू आपणहून विमा ठेव, झोनच्या बाहेर तो मिळतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा त्याच ह्युस्टनमध्ये नकाशातल्या रंगाच्या बाहेरची घरं ढिगानं बुडाली होती. वरून नवा नकाशा आला की जुनं पत्र परत तपासलं जातं, ते जन्मभराचं नाही. भाची म्हणाली, बघते. बघते म्हंजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

ही गोष्ट मी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि फसलो. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ फाईल घेऊन दारात. इथं नागपुरात नाग नदीच्या काठाजवळ त्यांचं जुनं घर, बैठं, वडिलांनी बांधलेलं, पाडून दोन मजले करायचे होते आणि आर्किटेक्टनं सांगितलं प्लॉट पूररेषेत येतो. म्हणे काका, तुम्ही अमेरिकेतलं घर बाहेर काढलं, आमचं तर पायी दहा मिनिटांवर आहे.

काय बोलावं बाप्पा! चहा सांगितला आणि बसवलं त्यांना.

आपल्याकडे दोन रेषा असतात. निळी आणि लाल. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर जातं ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल, धरणाच्या खाली जरा वेगळा हिशोब असतो पण ते सोडा. रेषा जलसंपदा खात्याकडून आखल्या जातात, नदीचे आडवे छेद घेऊन, पाणी किती येईल त्याचं गणित करून. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथं नवं बांधकाम नाही, बगीचा, पार्किंग, भाजीबाजार असलं काही चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथं बांधता येतं पण लाल रेषेच्या लेव्हलपेक्षा ०.४५ मीटर वर, म्हंजे दीड फूट वर. हे २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत लिहिलेलं आहे. आणि निळ्या रेषेच्या आत जुनं अधिकृत घर असेल तर त्याच्या पुनर्विकासाचाही रस्ता ठेवला आहे, तोसुद्धा लाल रेषेच्या दीड फूट वर आणि खात्याची ना हरकत घेऊनच.

ते म्हणाले, पण २५ वर्षांतून एकदा ना, २०२३ ला येऊन गेला, आता २०४८ पर्यंत मोकळे. मंडळी, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे! अहो पूर काही कुंभमेळा नाही. २५ वर्षांतून एकदा म्हंजे दरवर्षी ४ टक्के, येऊन गेला तरी पुढच्या वर्षी परत तेच ४ टक्के. मघाचं ३० वर्षांचं गणित इथं लावा, ७० टक्क्यांच्या वर निघतात.

मग त्यांनी मनातलं सांगितलं. वीस-पंचवीस ट्रक मुरूम टाकून प्लॉटच वर घेऊ का? आता यावर माझं मत जरा कडक आहे. नदीकाठचा प्लॉट उचलला की तेवढं पाणी उभं राहायची जागा गेली आणि ते पाणी शेजारच्याच्या हॉलमध्ये जातं. शेजारी पण मुरूम टाकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि शेवटी ज्याच्याकडे ट्रकला पैसे नाहीत तो बुडतो. मी हे त्यांना तोंडावर बोललो. वाईट वाटलं त्यांना, पण बोललो.

मी विचारलं, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं? ते म्हणाले, खूप आलं. खूप म्हंजे किती? कमरेएवढं. बायको म्हणते मांडीएवढं, मुलगा म्हणतो छातीला लागलं.

तुम्हाला आठवतच असेल, २०२३ च्या सप्टेंबरातली २२-२३ ची रात्र, महालक्ष्म्यांचं जेवण झालेली. घरोघरी पंचपक्वान्नं झालेली, पाहुणे मुक्कामी, आणि मध्यरात्रीनंतर जो धरला पाऊस, चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी भरली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पहाटे बोटी फिरल्या, लष्कर बोलवावं लागलं. मखरातल्या ज्येष्ठा-कनिष्ठा लोकांनी डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेल्या. या गृहस्थांना तर वरचा मजलाच नव्हता, त्यांनी मुखवटे माळ्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी माझं जुनं ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन त्यांच्याकडे गेलो. रिटायर झाल्यापासून मशीन कपाटातच होतं, बुडबुडा मधोमध यायला दहा मिनिटं लागली, हात थरथरतो आता. पण चिखलाची रेघ कुठं सापडेना. पूर ओसरला त्याच दिवाळीत त्यांनी सगळं घर रंगवून घेतलेलं, पुट्टी मारून, छान फिकट पिवळं. शेवटी गच्चीच्या जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी होती, तिच्या मागं हात घालून पाहिलं. रंगाऱ्यानं पेटी काढायचा कंटाळा केला होता. मोबाईलचा टॉर्च मारला आणि दिसली रेघ, तपकिरी, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी, वर जुना चुना आणि खाली गाळ. स्टाफ लावला. प्लिंथपासून, म्हंजे घराच्या जोत्यापासून, ०.७२ मीटर.

ते बराच वेळ त्या रेघेकडे पाहत उभे होते. बायको आतून म्हणाली, बघा, मी मांडीच म्हणाली होती. मुलगा म्हणाला, बसून होतो ना मी.

मग मी त्यांना समजावलं की ही रेघ म्हंजे अधिकृत पूररेषा नाही, तिच्यावर परवानगी मिळणार नाही. पण ही एका खऱ्या रात्रीची लेव्हल आहे. हिला झिरो माइलच्या खांबाशी जोडता येतं. तिथं १९०७ साली बसवलेला सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क, म्हंजे उंचीची पक्की खूण आहे, समुद्रसपाटीपासून १०२० फुटांच्या वर, त्याच्यापासून शहरात लेव्हल नेत नेत आणली की तुमची रेघ, तुमची प्लिंथ आणि नकाशातली लाल रेषा तिघं एकाच भाषेत बोलतात. मोजणी करून प्लॉटवर दोन्ही रेषा आखून घ्या. पूररेषेत येणारा तुकडा छोटा निघाला आणि बाकीचा प्लॉट बाहेर निघाला तर त्या तुकड्याचा एफएसआय, म्हंजे त्यावर जेवढं बांधकाम मिळतं तेवढं, उरलेल्या जागेवर वापरायची सोय नियमावलीत आहे, म्हंजे घर मागं सरकवून बांधता येईल, वर उचलायची गरजच पडणार नाही कदाचित.

त्यांनी फाईल बंद केली. विचारलं, आणि मागं सरकायला जागा नसली तर? मी म्हटलं, तर खाली पार्किंग सोडा, खांबांवर बांधा, लाल रेषेच्या दीड फूट वर पहिली फरशी, आणि ना हरकतीच्या मागं लागा, चकरा होतील.

निघताना मी एक खिळा मागितला. मीटरच्या पेटीशेजारी, नव्या पिवळ्या रंगावर, त्याच लेव्हलला आडवी रेघ ओढली आणि खाली तारीख कोरली. रंग खराब झाला म्हणून वहिनी रागावल्या थोड्या. तुमच्या घरी तशी रेघ अजून कुठं उरली असेल, कपाटामागं, जिन्याखाली, पलंगाच्या पाटीवर, तर यंदाच्या रंगाऱ्याला बोलवायच्या आधी तेवढा खिळा मारून ठेवा. नमस्कार.