पंधरावर अडलेला सिंह

(दृश्य: मांडवीकाठ, पणजीतला आदिलशहाचा जुना वाडा)

1980 च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, कसा हरला त्याची ही गोष्ट. सिंह ही या पक्षाची निशाणी. गोवा, दमण आणि दीवची विधानसभा या वाड्यात भरायची. आमदार 30. त्यांतले 28 गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा.

डिसेंबर 1963 च्या पहिल्याच निवडणुकीत गोव्यानं काँग्रेसला एकही जागा दिली नाही. सत्ता आली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडे, आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय हरला. मगोचा मूळ मुद्दाच गेला. तरीही दोन-अडीच महिन्यांत लोकांनी त्याच सिंहावर शिक्का मारला. बहुजन समाजाला सिंह आपला वाटत होता तो कुळाच्या शेतामुळे, मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घरामुळे आणि गावात उघडलेल्या शाळेमुळे.

(दृश्य: रिकाम्या बाकांवरून फिरणारा कॅमेरा)

ऑगस्ट 1973 मध्ये भाऊसाहेब गेले. त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. 1972 मध्ये मगोचे 18 आमदार होते, 1977 मध्ये 15 उरले.

30 च्या सभागृहात 15 म्हणजे बरोबर निम्मे. त्यातला एक सभापती केला की बाकांवर 14 राहतात, कारण समसमान मतं पडल्याशिवाय सभापती मत देत नाही. मग सरकार तगतं बाहेरच्या आधारावर. शिवाय पक्षांतरबंदी कायदा आला 1985 मध्ये. तोवर पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी शाबूत राहायची. मगोचेच आमदार फुटले आणि 27 एप्रिल 1979 रोजी सरकार कोसळलं. राष्ट्रपती राजवट आली. मतदाराच्या हाती मतपत्रिका पडण्याआधीच हे घडलं होतं, आणि या पराभवात आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

विरोधकांचीही घडी तोवर बदलली होती. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचा जोर ओसरला होता. 1977 मध्ये मगोविरोधी मतं काँग्रेस आणि जनता पक्षात वाटली गेली: काँग्रेसला 10 जागा, जनताला 3. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत ती अर्स काँग्रेसभोवती, म्हणजे देवराज अर्स यांच्या फुटलेल्या काँग्रेस गटाभोवती, गोळा झाली. मतदारसंघ लहान, त्यामुळे थोडी मतं इकडची तिकडे झाली तरी जागा हातची जाते.

निकाल लागला. अर्स काँग्रेस 20, मगो 7, अपक्ष 3.

सिंहाची मतं मात्र आटली नव्हती. त्याच वेळी झालेल्या लोकसभा निवडणुकीत पणजीची जागा मगोच्या संयोगिता राणे यांनी जिंकली.

(दृश्य: वाड्याच्या पायऱ्या)

16 जानेवारी 1980. जनमत कौलाला त्या दिवशी बरोबर 13 वर्षं झाली होती. अर्स काँग्रेसचे प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. सत्तरी तालुक्याचे हे राणे एकेकाळी भाऊसाहेबांच्याच मंत्रिमंडळात, मगोच्या बाकांवर बसत.