पडण्याआधीचा किल्ला

श्रोतेहो, नमस्कार.

वास्तू पाडायची असेल तर आधी तिचे फोटो काढून ठेवावेत, हे आज कुणालाही सुचेल. 1871 साली तोक्योतल्या एका सरकारी अधिकाऱ्याला ते सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांचं नाव निनागावा नोरिताने.

तीनच वर्षांपूर्वी तोकुगावा घराण्याची अडीचशे वर्षांहून जुनी सत्ता गेली होती. एदोचं तोक्यो झालं, तोकुगावांच्या किल्ल्यात सम्राट राहायला आले. पण किल्ल्याची रया गेली होती. त्याचा मुख्य मनोरा 1657 च्या आगीत जळाला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. उरलेले दरवाजे, बुरूज, तट ढासळत होते. नव्या सरकारला रेल्वे हवी होती, तारायंत्र हवं होतं. जुन्या राजवटीच्या भिंतींना गिलावा कोण करणार? निनागावांनी अर्ज केला: हे नष्ट होण्याआधी फोटोंत जपून ठेवू द्या. परवानगी मिळाली.

कॅमेरा होता योकोयामा मात्सुसाबुरो यांच्या हाती. फिल्म तेव्हा नव्हतीच. काचेवर कलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की मेहनत वाया! म्हणजे दर दरवाजापाशी, दर खंदकाकाठी बाटल्या, पाणी, काचा आणि अंधारी जागा, हा सगळा संसार बरोबर न्यायचा. त्या घाईतून निघालेल्या फोटोंवर मग ताकाहाशी युइची यांनी सावकाश हातानं रंग चढवले. हे साधे रंगारी नव्हेत. जपानी तैलचित्रकलेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. 1878 मध्ये 64 फोटोंचा अल्बम तयार झाला. तो आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दरम्यान 1872 मध्ये सरकारनं जुनी देवळं आणि त्यांतला ठेवा तपासायला एक पथक पाठवलं. निनागावा आणि योकोयामा त्यातही होते. नारा शहरातलं आठव्या शतकापासूनचं शोसोइन हे कोठार त्या वेळी उघडलं गेलं. वाटेत योकोयामांनी नागोयाच्या किल्ल्याचेही फोटो काढले. त्या किल्ल्याचा मनोरा आणि वाडा 1945 च्या हवाई हल्ल्यात जळून गेले. योकोयामांच्या फोटोंत ते अजून उभे आहेत.