पुस्तकाचं दुसरं पान

प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो,

मी सत्तावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यातली बरीचशी देवघेवीच्या खिडकीशी. परीक्षा जवळ आल्या की एक गोष्ट ठरलेली असायची. संख्याशास्त्राच्या एका जाड पुस्तकाच्या आमच्याकडे चार प्रती होत्या आणि वर्गात शंभरावर मुलं. पुस्तक परत आलं की मी ते उभं धरून पाहायचो. कडेला फट दिसली, की सहसंबंधाचं प्रकरण ब्लेडनं कापून नेलेलं असायचं. सुरुवातीची काही वर्षं मी चिडायचो, दंड लावायचो. मग एकदा एका मुलीनं सरळ सांगितलं, "सर, सातशे रुपयांच्या पुस्तकातली आम्हाला दोनच प्रकरणं लागतात." पान कापणं चूकच. पण तिला त्या दोन प्रकरणांचं वेगळं पुस्तक बांधून देण्याचा अधिकार मला नव्हता. आज त्या अधिकाराविषयीच, म्हणजे मुक्त शैक्षणिक संसाधनांविषयी, बोलायचं आहे.

तो अधिकार आहे की नाही, हे पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं. मुखपृष्ठ उलटल्यावर बारीक अक्षरातला जो मजकूर येतो, ते पान. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून कुणालाही उतरवून घेता येतात आणि ती सोय मोलाची आहे. पण आत लिहिलेलं असतं, सर्व हक्क मंडळाकडे, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे पुस्तक फुकट आहे, मुक्त नाही. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या पीडीएफचं तर विचारूच नका. त्या ना धड फुकट, ना मुक्त. कुणीतरी स्कॅन केलेल्या, एवढंच.

मुक्त शैक्षणिक संसाधन म्हणजे काय, तर ज्याच्या दुसऱ्या पानावर पाच गोष्टींची आगाऊ परवानगी दिलेली असते: स्वतःजवळ कायम ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, पुढे वाटा. अमेरिकेतले डेव्हिड वायली यांनी ही पाच कामं मांडली. तिथल्याच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेनं आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर खुले करण्याचं 2001 मध्ये जाहीर केलं, 2002 मध्ये युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत या कल्पनेला हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे अशी परवानगी आगाऊ देणारे, पहिले तयार परवाने आले. पुढे ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून रिचर्ड बारान्युक यांच्या पुढाकारानं ओपनस्टॅक्स उभं राहिलं. 2012 पासून त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षांची अख्खी पाठ्यपुस्तकं, विषयतज्ज्ञांकडून तपासून घेतलेली, अशा परवान्याखाली काढली. अमेरिकेत पुस्तकांच्या किमती इतक्या वाढल्या होत्या, की पुस्तक न घेताच सत्र काढणं हा मुलांचा रिवाज झाला होता.

इथे कुणीतरी नेहमी विचारतं, "पण झेरॉक्स चालतं ना? दिल्लीचा निकाल आहे." आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अध्यापनासाठी उताऱ्यांच्या प्रती काढण्याच्या बाजूनं कौल दिला. तो निकाल आपल्याला मोठा आधार आहे. पण त्यातून प्रत मिळते. ते प्रकरण मराठीत आणावं, त्यातलं उदाहरण काढून आपल्या तालुक्यातलं घालावं आणि शेजारच्या कॉलेजला पाठवावं, ही मोकळीक त्यात नाही. मला ती मोकळीक हवी आहे.

का हवी, ते आमच्या वाणिज्य विभागातल्या एका मॅडमबरोबर केलेल्या कामावरून सांगतो. ओपनस्टॅक्सच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातून आम्ही पहिल्या सत्राचा एकच घटक घेतला: मध्य (सरासरी), मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा). आम्ही वापरलेल्या आवृत्तीवर एकच अट होती, मूळ लेखकांना श्रेय द्या आणि काय बदललं ते सांगा. पुस्तक उत्तम, विवेचन पायरीपायरीनं जाणारं. पण उदाहरणं तिकडची. आमची निम्मी मुलं कांदा पिकवणाऱ्या घरातली. मॅडम म्हणाल्या, आपण बाजार समितीचे भाव घेऊ.

पणन मंडळाच्या तक्त्यात रोज तीन भाव असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. केंद्राच्या ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर तिसऱ्या रकान्याला 'मोडल प्राइस' म्हणतात, म्हणजे बहुलक. वर्तमानपत्रात तोच आकडा पुष्कळदा 'सरासरी' म्हणून छापला जातो. मॅडमनी फळ्यावर तीन भाव लिहिले आणि विचारलं, पहिल्या दोघांची बेरीज करून अर्धं केलं तर तिसरा येतो का? येत नव्हता. का येत नाही, यावर वर्गात जी चर्चा झाली, ती मी दारात उभं राहून ऐकली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून सांगत होता, की चांगला माल थोडाच असतो, दोन-चार वक्कलांना वरचा भाव लागतो, बाकी सगळा ढीग खालीच जातो. त्याला विषमित वितरण, म्हणजे आकडे एका बाजूला झुकलेले असणं, हा शब्द माहीत नव्हता. पण तो तेच सांगत होता.

आणखी एक गोष्ट त्या घटकानं उघडी केली. हीच मुलं दहावीला मध्य, मध्यक, बहुलक शिकून आलेली. कॉलेजात इंग्रजी पुस्तकात मीन, मीडियन, मोड आलं, आणि आपण हे आधी केलंय हेच कित्येकांना कळलं नव्हतं. आम्ही प्रत्येक संज्ञेपुढे दोन्ही शब्द ठेवले. शालेय पुस्तकातला मिळाला तर तोच, नाहीतर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातला. छापील पुस्तकात प्रकाशकाला विनवण्या कराव्या लागल्या असत्या. इथे एका दुपारचं काम होतं.

अडचणी आल्या, त्याही सांगतो. सगळ्यात मोठी अडचण फाँटची. मॅडमच्या पंधरा वर्षांच्या मराठी टिपणांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फाँटमधल्या होत्या. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती चिन्हं. मोबाइलवर शून्य. रूपांतर करून जोडाक्षरं हातानं दुरुस्त करण्यात आमच्या दोन सुट्ट्या गेल्या. तेव्हा आजपासून जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, एवढी कळकळीची विनंती आहे.

दुसरी अडचण परवान्यांची खिचडी. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मजकूर आणि आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे व्हिडिओ पाठ, ज्यातले कित्येक मराठीतही आहेत, हे अशा परवान्याखाली येतात की बदल करा, पण तुमचं कामही त्याच परवान्यानं खुलं ठेवा. एमआयटीच्या आणि ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलसच्या साहित्यावर शिवाय बिगरव्यापारी वापराची अट आहे. या दोन प्रकारांतले उतारे बदलून एकाच प्रकरणात शिवले, तर कोणता परवाना लावायचा याचं उत्तरच राहत नाही. आणि 'बदल नको' असा शेरा असेल, तर ते मराठीत आणून वाटता येत नाही. म्हणून आधी दुसरं पान वाचा, मग कात्री हातात घ्या.

"यातून आम्हाला काय?" हा प्रश्न लाजत विचारू नका. वर्ग, परीक्षा, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइली सांभाळून हे करायचं, तर त्याची नोंद व्हायलाच हवी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत ई-आशय, म्हणजे डिजिटल अध्ययन साहित्य, तयार करण्याला बढतीच्या वेळी धरले जाणारे गुण आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मात्र त्या गुणांचा उपयोग नाही, आणि बहुतेक टिपणं तेच लिहितात. त्यांना या कामाचं मानधन दिल्याशिवाय कॉलेजांनी हा उपक्रम सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अख्खं पुस्तक बदलायला निघू नका. आम्ही एकदा निघालो होतो, अडीच प्रकरणांवर थांबलो. एक घटक घ्या, जिथे मुलं दरवर्षी अडतात तोच. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातली त्याची कलमं डावीकडे लिहा, उजवीकडे त्या-त्या कलमाला मुक्त साहित्यात काय मिळतं ते. उजवीकडे जिथे रिकामं राहील, तेवढंच तुम्ही लिहायचं. आमच्या घटकाची छापील प्रत बेचाळीस पानांची झाली. रेंज नसलेल्या गावांतल्या मुलांसाठी झेरॉक्स काढून, दोन पिना मारून ती खिडकीतच ठेवली. ती परत आली की मी अजूनही कडेनं पाहायचो. कुणी पान कापलेलं नव्हतं, मात्र समासात पेन्सिलीनं लिहिलेलं पुष्कळ होतं. एकानं आमच्या उदाहरणातली क्विंटलची चूक दाखवली होती. पुढच्या आठवड्यात आम्ही ती दुरुस्त केली.

जेवणानंतर आपण संगणक कक्षात बसणार आहोत. प्रत्येकानं आपला एक घटक आणलाय ना? तोच उघडून सुरुवात करू.