एका वेळी एकच पाकीट

(तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

हा पाकिटांचा गठ्ठा बघा. पन्नास पाकिटं आहेत. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी यावं आणि वरचं एक पाकीट उचलून माझ्या हातात द्यावं. शाबास. आता पुन्हा एकदा उचल, पण या वेळी स्वतःच्या अंगठ्याकडे लक्ष ठेव. पाहिलंत त्यानं काय केलं? अंगठा पाकिटावर टेकवून जरासा मागे ओढला, पाकिटाला कमान आली, तिच्याखाली तर्जनी सरकवली. दोन आलीत की काय असं वाटलं, तेव्हा चिमटीत घासून खात्रीही करून घेतली. हे कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याला अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही.

मी चौतीस वर्षं कार्यालयातली यंत्रं दुरुस्त केली. प्रती काढणारं सायक्लोस्टाइल, टपालखर्चाचा शिक्का मारणारं फ्रँकिंग, पत्ते छापणारी यंत्रं, पुढे लेझर प्रिंटर. छपाई बिघडली म्हणून मला जितकी बोलावणी आली, त्यापेक्षा ‘पाकीट ओढत नाही’ आणि ‘दोन-दोन जातात’ म्हणून जास्त आली. छापणं त्या मानानं सोपं. गठ्ठ्यातून एकच पाकीट, सरळ, दर वेळी त्याच जागी आणून ठेवणं हे अवघड काम आहे, आणि आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

थोडं मागे जाऊ. इंग्लंडात १८४० पूर्वी टपालाचा दर कागद किती आणि अंतर किती यावर ठरायचा. पत्र पाकिटात घातलं की तो आणखी एक कागद धरला जाई आणि खर्च दुप्पट होई. म्हणून लोक पत्राचीच घडी घालत, लाखेनं बंद करत आणि पाठीवर पत्ता लिहीत. १८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणे अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी दर झाला, तोही वजनावर. तेव्हा कुठे पाकीट परवडू लागलं, आणि मग इतकं लागू लागलं की हातानं घड्या घालणाऱ्या बायका-मुलांचे हात पुरेनात. रोलंड यांचे थोरले भाऊ एडविन हिल आणि वॉरन द ला रू यांनी १८४५ साली पाकिटाच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते यंत्र लोकांनी गर्दी करून पाहिलं. हेच द ला रू पुढे चंद्र-सूर्याची छायाचित्रं काढणारे खगोलशास्त्रज्ञ म्हणूनही नावाजले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पण त्या यंत्रातही एकेक कोरा कागद जागेवर ठेवायला माणूसच बसलेला असे. चारी बाजूंच्या घड्या लोखंडानं घातल्या, एक कागद उचलणं मात्र बोटांकडेच राहिलं.

पत्ता छापण्याचंही तसंच. अमेरिकेत आयोवातल्या सू सिटीच्या जोसेफ डंकन यांनी १८९६ साली ॲड्रेसोग्राफचं पेटंट मिळवलं. पुढे या यंत्रात प्रत्येक ग्राहकाची धातूची छोटी पट्टी आली, तिच्यावर उठावाची अक्षरं. पट्ट्या खणात ओळीनं लावायच्या. एकेक पट्टी पुढे येते, शाईच्या फितीवर दाब पडतो, पत्ता उमटतो. पट्ट्या आपोआप सरकत, कारण धातूची पट्टी शहाण्यासारखी वागते. ती वाकत नाही, फुगत नाही, शेजारणीला चिकटत नाही. पाकीट हे तिन्ही करतं.

१९०२ साल मला फार आवडतं. एकाच शहरात, शिकागोत, दोन माणसांनी पाकिटावर छापण्याच्या प्रश्नाला दोन टोकांनी हात घातला. भिंतीचे कागद विकणाऱ्या दुकानात नोकरी करणारे आर्थर पिटनी यांनी टपालखर्चाचा शिक्का मारून हिशेब कुलपात ठेवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. वॉल्टर बोज यांच्याबरोबर १९२० मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि अमेरिकन टपालखात्यानं त्या यंत्राला मान्यता दिली. आपल्याकडे बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक टपालाच्या विभागात, ज्याला फ्रँकिंग म्हणतात त्याचं हे मूळ. दुसरे अमेरिकस कॅलहन. त्यांनी खिडकीचं पाकीट काढलं. पाकिटावर पत्ता छापायचाच कशाला? आतल्या कागदावर छापा आणि पाकिटाला भोक पाडा! विजेचं बिल, बँकेचं पत्र अजून तसंच येतं. एक अख्खी छपाई त्यांनी वजा करून टाकली. अभियंता म्हणून मला हा उपाय सर्वांत मोठा वाटतो.

आता यंत्राच्या आत जाऊ. पिशवीतून मी दोन वस्तू आणल्यात. हा रबरी रोलर आणि हे बोटभर रुंदीचं पॅड. पाकीट या दोघांच्या मधून जातं. रोलर वरून ओढतो, पॅड खालून स्प्रिंगच्या जोरावर दाबून धरतं. इथे घर्षणाची एक उतरंड लागते. रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सगळ्यांत जास्त, पॅड आणि कागद यांच्यातलं त्याहून कमी, कागदा-कागदांतलं सगळ्यांत कमी. एकच पाकीट आत आलं तर रोलर पॅडला हरवतो आणि पाकीट पुढे जातं. दोन आली तर वरचं रोलर नेतो, खालचं पॅड अडवतं, आणि दोघांच्या मध्ये जो सगळ्यांत कच्चा सांधा आहे तिथे घसरण होते. झालं, एक गेलं, एक थांबलं. उतरंडीतलं एक मडकं हललं की खेळ संपला. कागदाची धूळ बसून रोलर गुळगुळीत झाला तर काहीच ओढलं जात नाही. पॅड झिजलं तर दोन-दोन जातात. ओल्या फडक्यानं रोलर पुसला की निम्म्या तक्रारी मिटतात, हे मी आजही सांगतो.

साध्या कागदाला एवढं पुरतं. पाकीट म्हणजे मुळातच कडेला चिकटवलेले दोन कागद. रोलरनं वरचा पदर ओढला, पॅडनं खालचा धरला, की कच्चा सांधा पाकिटाच्या पोटातच सापडतो आणि पाकीट आतल्या आत सरकून चुरगळतं. त्यात जाडी सगळीकडे सारखी नाही. मध्ये दोन पदर, सांध्यावर तीन, कोपऱ्यात चारही असतात. एका बाजूला जाडी जास्त म्हणून तिकडे दाब जास्त, आणि पाकीट तिरकं जातं. गठ्ठ्यात वरच्याची झडप खालच्याच्या झडपेत अडकते ती वेगळीच. म्हणून पाकिटं भरण्याआधी गठ्ठा फुलवायचा, चारी कडा टेबलावर ठोकायच्या, आणि दाबून आतली हवा घालवायची. जुन्या शिपाईमामांना हे कुणी न सांगता यायचं.

आणि आपला पावसाळा. एका कार्यालयातून जुलैत दोनदा बोलावणं आलं. मी पॅड बदललं, स्प्रिंग तपासली, रोलर नवा घातला, तरी तिसऱ्या-चौथ्या खेपेला दोन पाकिटं एकत्र जात. तिथल्या लोकांचा माझ्यावरचा विश्वास उडत चालला होता आणि माझाही. शेवटी मी यंत्र बाजूला ठेवलं आणि पाकिटांचा खोका उघडला. तो खिडकीखाली फरशीवर होता. वरचं पाकीट उचललं तर खालचं त्याच्याबरोबर आलं, आणि सुटताना बारीकसा ‘टक’ असा आवाज झाला. झडपेवरचा डिंक दमट हवेनं ओला होऊन शेजारच्या पाठीला धरू लागला होता. कागदपत्रांना बुरशी लागू नये म्हणून एका लोखंडी कपाटात बल्ब लावून ठेवलेला असे. तिथे ठेवलेला एक खोका आणला आणि त्याच यंत्रानं एकही चूक न करता तो संपवला. त्या दिवसापासून मी यंत्राआधी पाकीट हातात घ्यायला लागलो.

रबराऐवजी हवेनं उचलायची रीत छापखान्यात दिसते. जर्मनीतल्या हायडेलबर्ग कंपनीचं विंडमिल हे छपाईयंत्र १९१४ साली लाइपझिगच्या प्रदर्शनात आलं. वाऱ्याच्या झोतानं वरचे कागद सुटे करायचे, शोषून एक कड उचलायची, आणि पवनचक्कीसारखे फिरणारे हात ते पकडून छपाईला नेणार. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिका आणि पाकिटं या यंत्रावर खूप छापली गेली. पाकीट असलं की शोषणारी तोंडं बंद घडीच्या कडेजवळ लावायची, नाहीतर पाकिटाचं पोटच उघडतं. सांधा आला तिथे अक्षर जाड उमटतं, म्हणून चांगला छपाईवाला दाबाखालच्या कागदी अस्तरातून नेमका सांध्याच्या आकाराचा तुकडा ब्लेडनं कापून काढी. मी ते काम तासभर उभं राहून पाहिलं आहे. छापलेल्या पाकिटावर बोट फिरवलं तर सांधा लागे, पण तो कुठे आहे ते डोळ्यांना कळत नसे.

लेझर प्रिंटरमध्ये अडचण शेवटी येते. शाईची पूड कागदावर पक्की करायला तापलेला रोलर असतो, सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत. तिथे पाकीट पिळून निघतं, आतली हवा मागे ढकलली जाते आणि मागच्या कोपऱ्यात सुरकुती पडते. बऱ्याच प्रिंटरांत मागचं झाकण उघडलं की दोन छोट्या तरफा दिसतात. त्या पाकिटाच्या खुणेवर नेल्या की दाब कमी होतो. वर्षानुवर्षं प्रिंटर वापरणाऱ्यांनी मला विचारलंय, हे कशासाठी असतं? यासाठी. प्लॅस्टिकच्या साध्या खिडकीचं पाकीट मात्र तिथे कधीच घालू नका. खिडकी वितळून रोलरला चिकटते.

सरळ जाण्याचा आग्रह कशाला, असं कुणी विचारलं तर मी पाकिटावरच्या सहा चौकटींकडे बोट दाखवतो. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिन कोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे. टपालखात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतचा कवी होता. छापलेला आकडा त्या चौकटीत नीट बसला नाही, तर पुढे वाचणाऱ्याला, मग तो माणूस असो की यंत्र, अडखळावं लागतं. पाकीट सरळ करायला प्रिंटरात दुसरी रोलरची जोडी क्षणभर थांबवून ठेवतात. कागद तिला जाऊन टेकतो, त्याला छोटी कमान येते, पुढची कड सरळ होते, मग रोलर फिरू लागतात. पाकीट ताठ असतं, कमान लवकर येत नाही, म्हणून तिथेही ते जास्त वेळा तिरकं राहतं.

आता मोठ्या प्रमाणावर पत्ते छापायला इंकजेट आहे. पाकीट पट्ट्यावरून धावतं, वरून शाईचे थेंब पडतात, कुणी कुणाला शिवत नाही, उष्णता नाही, दाब नाही. पण त्या यंत्राच्या तोंडाशी जाऊन पाहा. तिथे रबरी पट्टा आहे आणि पुढे एक फट आहे. चालवणारा माणूस काम सुरू करण्याआधी एक पाकीट हातानं त्या फटीतून सरकवतो, किंचित घासतंय ना ते बघतो, मग दोन एकदम घालून बघतो, दोन अडकायला हवीत. तेवढं झालं की स्क्रू घट्ट करतो.

ही दोन पॅडं मी टेबलावर ठेवतोय. डावीकडचं नवं आहे, उजवीकडचं एका बारनिशीतल्या यंत्रातून निघालेलं. जाताना दोन्हींवरून बोट फिरवून जा. उजव्याच्या मधोमध एक खाच लागेल, पाकिटांनीच कोरलेली.