चिलखताच्या आतलं माणूस

नमस्कार. मी फोटोग्राफर नाही आणि कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या काल्पनिक पात्राचा पोशाख स्वतः घालून ते पात्र होणं, तेही करत नाही. माझी भाची करते. गेली सहा वर्षं तिच्या प्रत्येक शूटला मी पिशवी घेऊन बाजूला उभी असते. कॉस्प्लेवाले या कामाला हँडलर म्हणतात. तुम्ही सगळे फोटोग्राफी शिकताय, म्हणून आज ती पिशवीच घेऊन आले.

पहिली वस्तू, स्ट्रॉ. चिलखताचे हातमोजे चढले की पाण्याची बाटली धरता येत नाही, आणि रंगवलेले ओठ बाटलीला लावता येत नाहीत. वीस-वीस मिनिटांनी मी स्ट्रॉ तिच्या तोंडाशी धरते. ती नको म्हणाली तरी धरते. कारण पोशाखात बाथरूमला जाणं इतकं अवघड असतं, की मुली आदल्या रात्रीपासून पाणी पिणं टाळतात आणि मग उन्हात त्यांना भोवळ येते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही मूळचे कुडाळकडचे. लहानपणी जत्रेत दशावतारी नट कंदिलाच्या उजेडात आपला चेहरा आपणच रंगवताना मी तासन्‌तास बघत बसायचे. पण तो नट रात्रभर चालतो, गातो, लढतो, आणि त्याचा पोशाख त्याच हिशेबाने बेतलेला असतो. कॉस्प्लेचा पोशाख बेततात चित्रावरून. कागदावरची योद्धा स्त्री कधी खुर्चीत बसत नाही, जिना उतरत नाही, तिला घाम येत नाही. तिच्या चिलखताचा एकेक खांदा तिच्या डोक्याएवढा रुंद असला तरी चित्रकाराचं काही अडत नाही. तेच खांदे भाचीच्या अंगावर आले की रिक्षात शिरता येत नाही. तुमच्या कॅमेऱ्यासमोर उभी असते ती हीच मुलगी.

हा तुकडा हातात घेऊन बघा. लोखंडासारखा दिसतो, पण आहे ईव्हीए फोम, लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या मॅटचा. हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, तापवला की मऊ पडतो, मांडीवर दाबून वाकवला की थंड झाल्यावर तोच बाक धरून ठेवतो. सांधे चिकटवायला चपलेचा पिवळा गम: दोन्ही कडांना लावायचा, सुकू द्यायचा, मग नेम धरून दाबायचा. घासताना मास्क हवाच, आणि गम लावताना खिडक्या उघड्या हव्यात. त्याची वाफ डोक्यात जाते.

ज्या उष्णतेने हे चिलखत घडतं, त्याच उष्णतेने ते बिघडतंही. एकदा मे महिन्यात मी सगळे तुकडे गाडीच्या डिकीत ठेवले आणि आम्ही तासभर जेवायला थांबलो. परत येऊन बघते तर पाठीचा सांधा वीतभर उकलला होता आणि खांद्याचा बाक सैलावला होता. तीन महिने खपून केलेलं काम. भाची काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून गमची डबी, दुहेरी टेप, सुईदोरा आणि वेल्क्रोच्या पट्ट्या या पिशवीतून बाहेर निघालेल्या नाहीत.

आता तुमच्या कामाचं. तुम्हाला पहाटेचं ऊन हवं असतं. भर दुपारी मागचं सगळं धूसर करायला लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर उघडावं, तर प्रकाश फार होतो, आणि साध्या फ्लॅशबरोबर शटरचा वेग सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या फारसा पुढे नेता येत नाही. हे मी तुमच्यासारख्यांकडूनच शिकले. पण साडेसहाच्या उन्हासाठी आमच्या घरात अडीचला दिवा लागतो. आधी डोळ्यांत घालायच्या लेन्स, कारण मेकअपनंतर घातल्या तर रंगाचा कण डोळ्यात जातो. मग चेहरा, केस दाबून जाळीची टोपी, त्यावर विग, आणि शेवटी पट्टे आवळून चिलखत. लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मापाच्याच घ्यायच्या आणि दुसऱ्या कुणाला घालायला द्यायच्या नाहीत. याबाबतीत मी फार कडक आहे. म्हणजे तुम्ही स्टँड उघडून ‘लाइट लावायला अर्धाच तास’ म्हणता, तेव्हा ती चार तास अवघडलेली असते. लाइट आधी माझ्यावर लावून बघा. मी तेवढ्यासाठीच तिथे उभी असते.

आणि विगची बट सरकली, पट्टा वळला, तर पुढे होऊन स्वतः हात लावू नका. तिला विचारा किंवा मला सांगा. न्यूयॉर्क कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मोठ्या मेळाव्याने 2014 साली, पोशाख घातला म्हणजे संमती दिली असं होत नाही, अशा अर्थाचे मोठे फलक लावले. ते लावावे लागले, यावरूनच काय ते समजा.

त्याच न्यूयॉर्कमध्ये जुलै 1939मध्ये विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं होतं. लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट अ‍ॅकरमन तिथे भविष्यकाळातला पोशाख घालून फिरले आणि पुढे त्यांचं नाव गाजलं. तो पोशाख शिवला होता त्यांच्याबरोबर आलेल्या मर्टल डग्लस यांनी. त्यांनी स्वतःसाठीही तसाच शिवला होता आणि तो घालून त्याही तिथे वावरत होत्या. पण कितीतरी वर्षं त्यांचा उल्लेख येत राहिला तो ‘बरोबर असलेली बाई’ एवढाच. ही गोष्ट मला फार लागते. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा आणि नटाचा पोशाखही. एकाच शब्दात दोन्ही. म्हणून फोटोखाली नावं लिहाल तेव्हा विग कुणी बसवला, शिवण कुणाची, हेही विचारून लिहा. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी आपलं नाव पहिल्यांदा फोटोखाली वाचलं, तेव्हा तो फोटो छापून मशीनच्या वर चिकटवला.

येत्या रविवारी आम्ही दगडाच्या एका जुन्या खाणीत शूट करतोय. रिफ्लेक्टर धरायला दोघं हवे आहेत. पावणेसहाला पोचा, घट्ट तळव्याचे बूट घाला, खाली सगळी खडी आहे. आणि येताना केळी आणा. सगळं उतरवल्यावर तिला सगळ्यात आधी तीच लागतात.