सुरमई, समुद्र आणि सीटीची सुई

नमस्कार श्रोतेहो.

सीटी स्कॅनच्या टेबलावर पेशंट आडवा झाला, हाताला सुई लावून झाली, की मी काचेपलीकडच्या माझ्या खोलीत जाते आणि माइकवरून एकच वाक्य बोलते. "आता अंगात गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होणार काही नाही. हलू नका." बावीस वर्षं हेच वाक्य बोलते आहे. फक्त एकदा विसरले. फोन वाजला, बोलणं राहिलं, आणि टेबलावरचा धडधाकट तरुण खलाशी, वादळात होडी हाकणारा गडी, "पेटलो, पेटलो" म्हणून ओरडत उठून बसला. स्कॅन वाया गेला, बिचाऱ्याला सुईतून द्यायचा डाय पुन्हा द्यावा लागला. चूक माझीच होती. तेव्हापासून फोन बाजूला ठेवूनच बटण दाबते.

मी डॉक्टर नाही, सीटीची टेक्निशियन आहे. औषध कुठलं, किती, द्यायचं की नाही, हे रेडिओलॉजिस्ट ठरवतात. पण पेशंट बोलतो तो माझ्याशी. कपडे बदलताना, मंगळसूत्र काढून नातेवाइकांकडे देताना मनातलं बाहेर येतं. त्या बोलण्यातून एक गोष्ट मला कळली आहे. लोक घाबरतात ते भलत्याच गोष्टींना, आणि सांगायला हवं ते पिशवीतच राहतं.

आधी हा डाय म्हणजे काय ते सांगते. डाय म्हणजे रंग, पण याला रंगच नाही. बाटलीत पाहिलं तर पाण्यासारखं स्वच्छ, फक्त जरा चिकट. म्हणून तर आम्ही तो अंगाइतका कोमट करून ठेवतो, म्हणजे शिरेतून सहज जातो. त्यात असतं आयोडीन. क्ष-किरण हाडात अडतात म्हणून हाड पांढरं दिसतं. रक्त, लिव्हर, आतडी मात्र सगळी करड्या रंगाची, एकमेकांत मिसळलेली. आयोडीन क्ष-किरणांना चांगलं अडवतं. ते रक्तातून फिरलं की रक्तवाहिन्या उजळतात, गाठ असेल तर ती भोवतालापेक्षा वेगळी दिसते. डायमध्ये किरणोत्सर्ग नसतो. "घरी लहान नातवंडं आहेत, त्यांच्याजवळ जाऊ का?" असं आजोबा विचारतात. खुशाल जा, उचलून घ्या.

हा शोधही गमतीने लागला. १९२३ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गुप्तरोगाच्या पेशंटना सोडियम आयोडाइड देत असत. त्यांचे एक्स-रे काढले तर मूत्राशय ठळक दिसायला लागलं, कारण आयोडीन लघवीवाटे बाहेर पडत होतं. औषध एका कामाला दिलं आणि ते भलत्याच कामाला आलं. पुढे डाय सुधारत गेले, पण साठच्या दशकापर्यंतचे डाय फार जळजळ करायचे. नस दुखायची, उलट्या व्हायच्या.

ती जळजळ कमी कशी झाली, याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन कळेल. टॉर्स्टन अल्मेन नावाचे एक स्वीडिश रेडिओलॉजिस्ट होते. त्यांच्या देशाच्या एका बाजूला बाल्टिक समुद्र, त्याचं पाणी कमी खारट; दुसऱ्या बाजूचा समुद्र आपल्यासारखा खारट. बाल्टिकमध्ये पाण्याखाली डोळे उघडले तर झोंबत नाहीत, पश्चिमेच्या समुद्रात झोंबतात, हे त्यांनी पोहताना अनुभवलं होतं, असं सांगतात. आपल्या रत्नागिरीच्या भाट्याच्या समुद्रात बुडी मारून आलेल्या पोराचे डोळे कसे लाल होतात, ते आठवा. अल्मेन यांनी विचार केला, नसेलाही डाय असाच झोंबत असेल का? जुन्या डायचा कण पाण्यात गेला की फुटून दोन तुकडे व्हायचा, आणि तुकडे जितके जास्त तितका तो 'खारट'. रक्ताच्या मानाने पाचपटीहून जास्त. न फुटणारा कण बनवता येईल, अशी कल्पना त्यांनी १९६९ मध्ये मांडली. त्यातूनच आज आपण वापरतो ते नॉन-आयोनिक डाय आले. हे रक्ताच्या दोन-तीनपट, आणि एक प्रकार तर जवळजवळ रक्ताइतकाच.

फरक किती पडला? जपानमध्ये तीन लाखांहून जास्त पेशंटची पाहणी झाली, ती १९९० मध्ये छापून आली. जुन्या डायने शंभरात साधारण तेरा जणांना काही ना काही त्रास झाला, नव्याने तिघांना. गंभीर त्रास जुन्याने दहा हजारांत बावीस जणांना, नव्याने चौघांना. त्यामुळे "अमक्याच्या काकांना डाय दिला आणि काय काय झालं" अशी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट कुणी सांगितली, तर ती खोटी नसेल, पण ती बहुधा जुन्या डायची असेल.

मघाचं ते गरम वाटणं म्हणजे रिॲक्शन नव्हे. डाय आत जाताच रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव येते. मिनिटभरात सगळं ओसरतं. कुणाला मळमळतं, एखाद्याला उलटी होते. नंतर हीच माणसं फॉर्मवर लिहितात, "डायची ॲलर्जी आहे." मग पुढच्या वेळी सगळे सावध, स्कॅन पुढे ढकललेला, आणि खोलात गेलं की कळतं, फक्त गरम वाटलं होतं!

आता सुरमईची गोष्ट. मिरकरवाड्याच्या एक मावशी आल्या होत्या, पोटाचा स्कॅन करायला. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "बाय, आठ दिवस मासळीला शिवले नाही. अगदी श्रावण पाळला." का? तर शेजारणीने सांगितलं होतं, डायमध्ये आयोडीन, मासळीत आयोडीन, म्हणजे मासे खाणाऱ्याला डाय बाधणार. हे नियमाने चालत असतं तर रत्नागिरीत डाय देऊन एकही स्कॅन झाला नसता. एखाद्याला कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठतं, ते कोळंबीतल्या प्रथिनामुळे. त्याचा आयोडीनशी संबंध नाही. आयोडीन तर आपल्या रोजच्या मिठात असतं, थायरॉइड ग्रंथीला ते लागतंच, त्याची ॲलर्जी कुणाला असू शकत नाही. डायची रिॲक्शन येते ती डायच्या अख्ख्या रेणूमुळे. जखमेला लावायच्या तपकिरी औषधाने कातडी लाल होते म्हणून डाय चालणार नाही, हाही तसलाच गैरसमज.

मावशींना मी हे सगळं समजावलं, त्या हसल्या, आणि मग बटवा मुलीकडे देता देता त्यातून दम्याचा पंप काढून म्हणाल्या, "हा जवळ ठेवू का?" फॉर्मवर दम्याचा उल्लेख नव्हता! आठ दिवस सुरमई सोडली, आणि सांगायचं तेच राहिलं. दमा असेल तर धोका थोडा वाढतो, डॉक्टरांना तो आधी कळायला हवा. त्यांना सांगितलं, त्यांनी मावशींची छाती तपासली, आणि स्कॅन नीट पार पडला.

सगळ्यात महत्त्वाचं असतं ते मागच्या वेळचं. पूर्वी डायने अंगावर पित्त उठलं असेल, डोळे सुजले असतील, घसा आवळल्यासारखा झाला असेल, तर ते लपवू नका. लोक लपवतात, कारण "नाही म्हणतील, पुन्हा तारीख देतील" अशी भीती असते. खरं सांगितलं तर वाटा असतात: डाय बदलता येतो, आधी गोळ्या देता येतात, किंवा सोनोग्राफी, एमआरआय अशी दुसरी तपासणी होऊ शकते. एमआरआयचा डाय वेगळाच असतो, त्यात आयोडीन नसतं, म्हणून "एमआरआयला डाय घेतला होता, काही झालं नाही" याचा इथे उपयोग नाही.

आणि टेस्ट डोस मागू नका. पूर्वी एक-दोन मिली टोचून वाट पाहायचे. त्याने काहीच कळत नाही. थोड्या डायला गप्प राहिलेलं शरीर पूर्ण डोसला बिघडू शकतं, आणि एखाद्याला त्या थेंबभरानेही त्रास होऊ शकतो. आम्ही तो देत नाही म्हणून नातेवाईक रागावतात, "पैसे वाचवता का?" म्हणतात. तसं नाही हो.

खरी रिॲक्शन बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. म्हणून स्कॅन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो आणि सुई काढत नाही. बसची वेळ झाली म्हणून हातातली सुई ओढणारे महाभाग मी पाहिले आहेत. खाज, शिंका, गांधी उठणं, आवाज बसणं, छातीत घरघर, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच सांगा. उठून संडासात जाऊ नका, तिथे कडी लावून कोसळलेला माणूस आम्हाला दिसत नाही. गंभीर रिॲक्शनवर ॲड्रिनलिन मांडीत टोचतात, ते आमच्या खोलीत हाताशी भरून ठेवलेलं असतं. बावीस वर्षांत ते धावपळीत टोचायची वेळ मोजून बोटांवर येईल इतक्याच वेळा आली.

कधी डाय नसेच्या बाहेर झिरपतो. मशीन एका सेकंदाला तीन-चार मिली या वेगाने तो ढकलतं, नस नाजूक असेल तर फुटते. हात फुगतो, ठणकतो. हात उंच ठेवून थंड शेक दिला की बहुतेकदा उतरतं. पण टोचल्या जागी आग झाली तर शूरपणा न दाखवता लगेच ओरडा. तेवढ्यापुरतं माझं "हलू नका" मोडलं तरी चालेल.

किडनीबद्दल सगळेच विचारतात. डाय किडनीतूनच बाहेर पडतो. किडनी चांगली असेल तर एका दिवसात जवळजवळ सगळा लघवीवाटे जातो. म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागतो. त्यावरून काढलेला ईजीएफआर नावाचा, किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा तीसच्या खाली असेल तर डॉक्टर थांबून विचार करतात. डायने किडनी जाते, ही भीती पूर्वी होती तितकी आता राहिलेली नाही. पुष्कळ पेशंटची किडनी मूळ आजारानेच बिघडलेली असायची, आणि खापर फुटायचं डायवर. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा. किडनी ठीक असेल तर ती सहसा चालू ठेवता येते. किडनी फार कमजोर असेल तर अठ्ठेचाळीस तास बंद ठेवून पुन्हा रक्त तपासतात. पण आपल्या मनाने बंद करू नका. एक गृहस्थ स्कॅनच्या भीतीने आठवडाभर साखरेच्या सगळ्या गोळ्या सोडून आले, साखर चारशेच्या वर! पाणी भरपूर प्या, असं आम्ही सगळ्यांना सांगतो, फक्त ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून दिलंय त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

थायरॉइड वाढलेला असेल तर तेही बोला. एका स्कॅनला तीस ग्रॅमच्या आसपास आयोडीन आत जातं, आणि शरीराला रोज लागतं दीडशे मायक्रोग्रॅम. त्यातलं बहुतेक तसंच बाहेर पडतं, पण जे थोडं सुटं होतं तेवढंही त्या ग्रंथीला डिवचायला पुरतं.

अंगावर पाजणाऱ्या आयांनी दूध थांबवायची गरज नाही. डायचा शंभरावा भागही दुधात उतरत नाही, आणि बाळाच्या पोटात गेलेलाही फार थोडा शोषला जातो. चोवीस तास दूध पिळून मोरीत ओतणारी मुलगी पाहिली, की माझ्या पोटात तुटतं. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर मात्र स्कॅनच्या आधीच बोला, तिथे प्रश्न डायपेक्षा क्ष-किरणांचा असतो.

आणखी एक. काहींना दोन-तीन दिवसांनी अंगावर पुरळ येतं. तेव्हा स्कॅन विसरलेला असतो, दोष जातो लग्नातल्या जेवणाला. अशा वेळी कुठला डाय दिला होता, हे माहीत असणं कामाला येतं.

मागच्या वर्षी निवृत्त मास्तर आले होते, लांज्याकडचे. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात डायचं नाव, तारीख, आणि खाली "वीस मिनिटांनी दंडावर व पोटावर पित्त, इंजेक्शनने उतरले." आमच्या डॉक्टरांनी वाचलं, डाय बदलला, आदल्या रात्रीपासून गोळ्या दिल्या. स्कॅन दहा मिनिटांत झाला. अर्धा तास ते बाकावर शांत बसले. सुई काढल्यावर माझ्याकडे पेन मागितलं, नव्या डायच्या नावाची अक्षरं एकेक करून विचारली, त्या दिवसाची तारीख घातली, पुढे "काही झाले नाही" असं लिहिलं, आणि कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला.

नमस्कार.