देणगीदाराचा नंबर

(मुंबईतल्या मराठी शाळांचे विश्वस्त, मुख्याध्यापक आणि माजी विद्यार्थी संघांचे कार्यकर्ते यांच्यासमोर दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘शाळेचा निधी आणि देणगीदारांच्या नोंदी’. निधी कसा मागावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी आधी नोंदींकडे वळतो. माझा आग्रह एकच आहे. माजी विद्यार्थ्याची देणगी त्याच्या जनरल रजिस्टरच्या नंबरावर नोंदली गेली पाहिजे. सॉफ्टवेअरनं दिलेला क्रमांक नको, मोबाइल नंबर नको. शाळेत नाव घातलं तेव्हा मिळालेला, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतो तो नंबर.

का, ते एका बाईंच्या निमित्तानं सांगतो. मध्य मुंबईतल्या एका शाळेच्या कार्यालयात माजी विद्यार्थी संघाच्या कामासाठी मी बसलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. एक बाई आल्या. साठच्या दशकात तिथेच शिकलेल्या, पुढे नर्स झालेल्या, आता निवृत्त. हातातल्या पिशवीत पावत्या, आणि वर शाळेनं नुकतंच पाठवलेलं पत्र: ‘आपण अद्याप शाळेच्या विकासकार्यास हातभार लावला नसल्यास...’ बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी पावत्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या. सगळ्यांत जुनी पावती कायम ठेवीची, त्यांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या स्मरणार्थ. व्याजातून दरवर्षी दहावीत विज्ञानात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यायचं, असं त्यावर शाईनं लिहिलेलं. त्यांनी एवढंच विचारलं, “बक्षीस समारंभात हल्ली बाईंचं नाव का घेत नाहीत?”

कार्यालयातल्या ताईंनी संगणकात शोधलं. ठेव माहेरच्या नावानं होती. नंतर वर्षानुवर्षं पाठवलेले पैसे सासरच्या नावानं. अलीकडे बँकेतून आलेले इंग्रजी आद्याक्षरांनी. शाळेच्या लेखी या तीन वेगळ्या बायका, आणि माजी विद्यार्थ्यांच्या यादीत चौथी, जिनं कधीच काही दिलं नाही. ते पत्र त्या चौथीला गेलं होतं.

ठेव मात्र जागेवर होती. बँकेत तिचं नूतनीकरण होत होतं, व्याजही जमा होत होतं. पण खतावणीतून संगणकावर आणताना अशा सगळ्या ठेवींची बेरीज करून ‘इतर ठेवी’ अशी एक ओळ टाकली गेली. रक्कम उरली, हेतू पुसला गेला. मुख्याध्यापक बदलले, जुने हेडक्लार्क निवृत्त झाले आणि बक्षीस थांबलं. कुणी पैसे खाल्ले नाहीत, आणि मला जास्त संताप त्याचाच येतो. अफरातफर असती तर लेखापरीक्षणात सापडली असती. इथे दरवर्षी आकडे जुळत होते, अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जात होता, आणि एका शिक्षिकेचं नाव शाळेतून नाहीसं झालं होतं.

शेवटी शिपाईमामांनी जनरल रजिस्टरचे जुने खंड कपाटावरून उतरवले. माहेरचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचं वर्ष, आणि बाई सापडल्या! त्या नंबराखाली तिन्ही नावांच्या पावत्या एकत्र आल्या. बक्षीस पुन्हा सुरू झालं. व्याज आता तुटपुंजं आहे, तेव्हा दुसऱ्या बक्षिसात मिसळायचं का, असं त्यांना विचारलं. “रक्कम लहान असू दे, बाईंचं नाव वेगळं घ्या,” म्हणाल्या. तसं लिहून घेतलंय, त्यांच्या सहीनिशी.

जनरल रजिस्टर ही शाळेत कायम जपायची नोंदवही. त्यातलं नाव किंवा जन्मतारीख बदलायला शिक्षण खात्याची परवानगी लागते. मुलीचं लग्न होवो, कुणी कॅनडात जावो, तो नंबर बदलत नाही. इतका भक्कम आधार प्रत्येक शाळेत असताना आपण दर दोन-तीन वर्षांनी नवी एक्सेल फाइल उघडतो, हे मला सहन होत नाही. जे शाळेत शिकले नाहीत, म्हणजे पालक, शेजारचे दुकानदार, कंपन्या, त्यांच्यासाठी ‘हि’ लावून वेगळी मालिका करा, हितचिंतकांची.

संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती इथल्या सगळ्यांना माहीत असेल. 1912 साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांनी ती मिळवली. ती ज्यांच्या नावाची, ते नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट 1865 मध्ये गेले, म्हणजे मध्ये 47 वर्षं लोटली होती. तरी कुणाच्या नावानं आणि कशासाठी हे पक्कं राहिलं, कारण तशी नोंद सांभाळली गेली. आपल्याकडच्या पाच-दहा हजारांच्या ठेवींचाही तेवढाच हक्क आहे.

आता बॅचचा प्रकार. हा सगळीकडे चाललाय. दहावीची बॅच व्हॉट्सॲपवर जमते, सगळे एका मित्राच्या खात्यात पैसे टाकतात, तो एकरकमी शाळेला पाठवतो. वहीत एकच नाव चढतं, करसवलतीचं प्रमाणपत्रही एकालाच मिळतं. बाकीचे देऊनही देणारे ठरत नाहीत. पुढच्या वर्षी त्यांना धन्यवादाचं कार्ड जात नाही, आणि मग आपणच म्हणतो की ही बॅच थंड पडली. प्रत्येकानं थेट शाळेच्या खात्यात भरावं, बॅचचं नाव शेऱ्यात लिहावं. मेळाव्यात क्यूआर कोड लावता, तिथे टेबलाशी वही घेऊन एक माणूस बसवा. यूपीआयवरून आलेल्या रकमेपुढे पत्ता नसतो, हेतू नसतो. तो त्याच संध्याकाळी विचारला नाही तर कायमचा राहतो.

गुप्तदानाबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडे त्याला मान आहे आणि असावा. फलकावर नाव नको म्हणाले तर लावू नका. पण शाळेच्या वहीत नाव-पत्ता हवाच. देणाऱ्याची ओळख न ठेवलेल्या देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की धर्मादाय संस्थेला त्यावर 30 टक्के कर बसतो. ती मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख, यांतलं जे जास्त असेल ते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. निधी संकलनाचं राहिलंय, ते भराभर सांगतो.

80जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारं कलम, आपल्या तोंडात बसलंय. आता 2025 चा नवा आयकर कायदा आलाय, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे नवे आकडे आपल्या सीएंकडून तपासून घ्या. मूळ शिस्त तीच आहे. 2 हजारांवर रोख दिली तर देणाऱ्याला सवलत नाही. 2021-22 पासून देणगीदारांचं विवरण आयकर खात्याच्या 10बीडी फॉर्ममध्ये भरायचं आलं, मुदत 31 मे, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. त्यात पॅनसारखा ओळख क्रमांक लागतो, म्हणून तो पावती फाडतानाच घ्या. मे महिन्यात फोन करत बसू नका, लोक गावी गेलेले असतात. रक्कम कायम निधीसाठी असेल तर तसं देणाऱ्याकडून लेखी घ्या.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्याला आधी पासपोर्ट विचारा. दुबईतल्या भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय ठरत नाहीत. न्यू जर्सीतल्या अमेरिकन नागरिकाचे ठरतात, त्याच्याकडे भारतीय वंशाचं ओसीआय कार्ड असलं तरी. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांकडून देणगी घेऊच नका. प्रवेशासाठी पैसे घेणं 1987 च्या राज्याच्या कायद्यानं आणि शिक्षण हक्क कायद्यानंही गुन्हा आहे, आणि त्या एका संशयानं प्रामाणिक देणग्याही आटतात. देणगीदारांचे फोन नंबर शिकवणीवाल्यांना, उमेदवारांना, कुणालाही देऊ नका.

मागण्याबद्दल माझा अनुभव इतकाच आहे की मागच्या देणगीचं काय झालं ते आधी कळवावं. ‘तुमच्या पैशांतून प्रयोगशाळेचा ओटा बांधला, फोटो सोबत आहे.’ एवढं पत्र गेलं की माणूस पुढच्या वेळी स्वतःहून विचारतो. ते पत्र लिहायला हेतूचा रकाना भरलेला लागतो.

हे सगळं करतात त्या कार्यालयातल्या ताई. विश्वस्तांच्या बैठकीत देणगीचा विषय असेल तेव्हा त्यांना बोलवा, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात घ्या आणि या कामाचे तास त्यांच्या आठवड्यात धरा. यू-डायस आणि सरल या सरकारी प्रणालींवरची माहिती आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांतून वेळ उरला तर नोंदी करा, असं सांगितलं की नोंदी होत नाहीत.